संगणकाच्या पाठीमागची ठिणगी

आज ज्या विषयावर मी आपणांशी बोलणार आहे तो दिसावयास क्षुल्लक आहे. घरातील संगणकाला प्रिंटर, ध्वनिक्षेपक किंवा टीव्ही जोडावयास जावे, तारेचे धातूचे तोंड खाचेजवळ न्यावे, आणि ते नीट बसण्यापूर्वीच 'टिक्' असा बारीक आवाज होऊन निळसर ठिणगी चमकावी, असा अनुभव आपणांपैकी पुष्कळांना आला असेल. मनुष्य क्षणभर दचकतो, हात मागे घेतो, पुन्हा धीर करून तार बसवितो आणि यंत्र सुरळीत चालते असे पाहून ती गोष्ट विसरून जातो. मीही विसरून गेलो होतो. ते विसरणे आमच्या घराला किती महाग पडू शकले असते, हे कळल्यापासून हा विषय बोलून दाखवावा असे मनात होते.

आमचे घर कोल्हापुरात शिवाजी पेठेत, जुन्या बांधणीचे आहे. दिवाळीच्या सुट्टीत नातवाने आपला संगणक माजघरात आणला आणि त्याचे चित्र टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर दिसावे म्हणून एचडीएमआयची तार जोडावयास घेतली. दोन्ही यंत्रे चालू होती. ठिणगी पडली. "आजोबा, करंट आला!" असे तो ओरडला, मी त्याला "काही होत नाही रे" म्हणून धीर दिला. दुसऱ्या दिवशी तोच प्रकार झाला आणि तिसऱ्या दिवशी टीव्हीचे ते तोंड कायमचे बंद पडले. दुरुस्तीच्या दुकानात विचारले तेव्हा "असं होतंच" एवढेच उत्तर मिळाले. आता, 'असे होतेच' हे वाक्य ज्याने चाळीस वर्षे फळ्यापुढे उभे राहून 'असे का होते' एवढेच मुलांना विचारले, त्याला पचणे कठीण. म्हणून मी शोधास लागलो.

सर्वच ठिणग्या एका जातीच्या नसतात, हे आधी सांगितले पाहिजे. माघ-फाल्गुनात हवा कोरडी असताना नायलॉनची गादी असलेल्या खुर्चीवरून उठून दाराच्या कडीला हात लावला म्हणजे जो चटका बसतो, ती घर्षणाची वीज. तिचा दाब काही हजार व्होल्ट असू शकतो, पण साठा अत्यल्प. एकदा ठिणगी पडली की संपली. दुसरी जात भरणीच्या ठिणगीची. लॅपटॉपचा अ‍ॅडॅप्टर आधी भिंतीत चालू करून मग त्याची पिन लॅपटॉपात खुपसली, किंवा बटण चालू ठेवूनच प्लग खोचला, की आतील रिकामे कपॅसिटर एकदम भरू लागतात आणि तोंडाशी चर्रकन ठिणगी उडते. रिकाम्या हौदाचा नळ एकदम उघडावा तसा हा प्रकार आहे. तिने पितळेच्या पिना काळवंडतात, याहून विशेष अपाय होत नाही. आपल्याकडे भिंतीवरील बहुतेक प्रत्येक सॉकेटला स्वतःचे बटण असते. अनेक देशांत ही सोय नाही. तेव्हा आधी पिन बसवावी, मग बटण दाबावे, एवढ्याने तो प्रश्न मिटतो.

परंतु आमच्या माजघरातील ठिणगी या दोन्हींपैकी नव्हती. ती दर वेळी पडत असे, आणि संगणकाच्या पेटीवरून बोटाची पाठ हळूच फिरविली तर मुंग्या आल्यासारखी थरथर जाणवे. ही तिसरी जात गळतीची, आणि आज मला जे सांगावयाचे आहे ते तिच्याविषयी.

ही वीज पेटीवर येते कोठून? संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या डब्यात तारांवरून येणारा व जाणारा विजेचा गोंगाट गाळण्यासाठी एक गाळणी बसविलेली असते. तिच्यात दोन लहान कपॅसिटर असतात: एक फेजच्या तारेपासून धातूच्या पेटीपर्यंत व दुसरा न्यूट्रलपासून पेटीपर्यंत. कपॅसिटर म्हणजे, जुनी मंडळी ज्याला कंडेन्सर म्हणत, तो विजेचा लहानसा साठा. १७४५-४६च्या सुमारास युरोपात लायडनच्या बरणीच्या रूपाने तो प्रथम हाती आला, आणि १७४६ मध्ये नोले नावाच्या फ्रेंच पाद्र्याने राजापुढे १८० शिपाई हातात हात घेऊन उभे केले व त्या बरणीच्या एका झटक्याने सर्वांना एकदम उडी मारावयास लावले. संगणकातील कपॅसिटर त्या बरणीचेच वंशज, पण अगदी चिमुकले. आपला घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा, सेकंदाला ५० फेरे घेणारा. उलटसुलट होणाऱ्या अशा विजेला कपॅसिटर पूर्णपणे अडवीत नाही, थोडी थोडी पाझरू देतो. एक कडी माडीवर आणि एक जमिनीवर असावी, आणि दोन सारख्या दोऱ्यांनी बांधलेली वस्तू त्यांच्यामध्ये लोंबत ठेवावी, म्हणजे ती बरोबर मध्यावर राहील. तशीच संगणकाची पेटी फेज आणि न्यूट्रल यांच्या मध्यावर, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टवर, तरंगत राहते.

अर्थात हे तेव्हाच, जेव्हा त्या पेटीला तिसरी तार नसते. यंत्र बनविणाऱ्याने ही गळती गृहीत धरली आहे, आणि तिला वाट काढून देण्यासाठीच प्लगला तिसरी पिन दिली आहे. ती पिन इतर दोघींपेक्षा लांब आणि जाड असते, हे आपण पाहिलेच असेल. प्लग आत जाताना तिने सर्वांच्या आधी टेकावे आणि बाहेर येताना सर्वांच्या मागून सुटावे, हा लांबीचा हेतू. पाठ्यपुस्तकात तिच्या तारेला 'भूसंपर्क तार' म्हणतात, बाजारात आणि घरात सर्वजण 'अर्थिंग' म्हणतात. मीही तेच म्हणतो. ही अर्थिंग शाबूत असेल तर पाझरणारी वीज मुकाट्याने जमिनीत उतरते, पेटी शून्यावर राहते, आणि ठिणगीला कारणच उरत नाही.

गळती किती? अशा एका कपॅसिटरचे सामान्य माप ४.७ नॅनोफॅरड धरले, तर हिशेबाने सुमारे ०.३४ मिलिअँपिअर प्रवाह पेटीतून बाहेर येऊ शकतो. मनुष्याच्या बोटाला साधारण अर्ध्या मिलिअँपिअरपासून विजेची जाणीव होऊ लागते. म्हणजे एक यंत्र तसे निरुपद्रवी म्हणावे. पण आपण एका एक्स्टेन्शन बोर्डावर संगणक, त्याचा पडदा, लेझर प्रिंटर आणि यूपीएस अशी चार यंत्रे लावतो. बोर्डातील पितळेची पट्टी त्यांच्या चारही पेट्या एकमेकींना जोडते. बोर्डाची हिरवी तार पुढे जमिनीपर्यंत पोहोचतच नसेल, तर चौघांची गळती एकत्र होते आणि ज्याचा हात प्रथम लागेल त्याच्या वाट्याला सव्वा मिलिअँपिअरहून अधिक येते. पावसाळ्यात ओल्या शहाबादी फरशीवर अनवाणी उभे राहून हा हात लावून पाहण्याचा मोह कोणी करू नये.

आता टीव्हीकडे वळू. आमच्या टीव्हीला केबलवाल्यांची तार येते. त्या तारेच्या भोवतीची जाळी गल्लीतील त्यांच्या पेटीपर्यंत आणि तेथून कोठेतरी जमिनीपर्यंत गेलेली असते. म्हणजे टीव्हीचे अंग शून्याच्या जवळ आणि संगणकाचे अंग ११५ व्होल्टवर. या दोघांच्या मध्ये एचडीएमआयची तार हा पहिला पूल. तो जुळता क्षणी साठलेली वीज त्यावरून धावते. सेट-टॉप बॉक्स, केबलचा इंटरनेट, दुसऱ्या खोलीतील वेगळ्या जोडणीवर असलेला प्रिंटर, या सर्वांशी जोडताना हेच घडू शकते.

येथे वर्गातील एखादा हुशार मुलगा बोट वर करील. हवेतून एक मिलिमीटरची ठिणगी उडावयास सुमारे ३,००० व्होल्ट लागतात, आणि अंतर कितीही कमी केले तरी साधारण ३३० व्होल्टच्या खाली हवा फुटत नाही असे पुस्तकात आहे. मग ११५ व्होल्टला ठिणगी कशी? शंका रास्त आहे. ही ठिणगी हवेतून उडालेली नसतेच. धातूचे तोंड डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी सूक्ष्मदर्शकाखाली तो डोंगराळ मुलूख आहे. दोन तोंडे भेटतात ती प्रथम एखाद्या सुळक्याच्या टोकाशी. सर्व प्रवाह त्या टोकातून एकदम गेल्याने ते टोक वितळते, त्याची वाफ होते आणि तीच आपल्याला चमकताना दिसते. शिवाय हात थरथरतो, स्प्रिंगा उसळतात, स्पर्श अनेकदा जुळतो आणि तुटतो.

जुळवणी करणाऱ्यांनी याचाही विचार केलेला आहे. यूएसबीच्या तोंडात बाहेरचे धातूचे कवच आधी टेकते, मग आतील चार पट्ट्यांपैकी विजेच्या दोन लांब पट्ट्या, आणि सर्वांत शेवटी संदेशाच्या दोन आखूड पट्ट्या. त्यामुळे पेट्यांमधील फरक बहुधा कवचावरच मिटतो. जुन्या ध्वनिक्षेपकांच्या गोल पिनेत मात्र नेमके उलटे आहे: मधली संदेशाची पिन आधी शिरते, भोवतालची कडी मागून. म्हणून चालू अ‍ॅम्प्लिफायरला ती जोडताना 'भों' असा आवाज येतो. तार तिरकी घातली, किंवा कवच ढिले झाले, तर यूएसबी आणि एचडीएमआयचे संरक्षणही फसते. ज्या चिपला पाच व्होल्टदेखील जड जातात, तिच्या दारात शंभर व्होल्टचा पाहुणा क्षणभर उभा राहिला तरी पुरे. आमच्या टीव्हीचे तोंड असेच गेले असावे.

हे सारे कळल्यावर मी वायरमनला बोलाविले. तो माझाच जुना विद्यार्थी. त्याने संगणकाच्या पेटीला टेस्टर लावला. तो मंद उजळला. मी घाबरलो, तर तो म्हणाला, "सर, टेस्टरवर इस्वास ठेवू नगा. त्यो गळतीलाबी पेटतोय आन् खऱ्या फेजलाबी." मग त्याने दोन तारांना जोडलेला आपला दिवा काढला. फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये तो लख्ख पेटला. फेज आणि अर्थच्या मध्ये धरला तर अंधार. तो हसून म्हणाला, "सर, तुमच्या घराला अर्थच न्हाई की वो!" आयुष्यभर मुलांना शब्दांचे अर्थ शिकविणाऱ्या माणसाला असे प्रमाणपत्र क्वचितच मिळाले असेल.

तो एका खोलीवर थांबला नाही. माजघर, स्वयंपाकघर, न्हाणीघर, सर्वत्र दिवा अंधाराच राहिला. शेवटी मीटरपाशी उतरलेली लोखंडी तार पाहिली, तर ती जोत्याजवळ गंजून तुटलेली. आठ-नऊ वर्षांपूर्वी अंगणात फरशी घातली तेव्हा अर्थिंगचा खड्डा गवंड्याने झाकून टाकला होता आणि आम्ही अंगण कसे छान दिसते म्हणून त्याला वर बक्षीस दिले होते. म्हणजे न्हाणीघरातील गिझर, कपडे धुण्याचे यंत्र, फ्रीज, ही सारी यंत्रे कित्येक वर्षे तिसऱ्या तारेवर भरवसा ठेवून उभी होती आणि ती तार कोठेच जात नव्हती. कपड्यांच्या यंत्राला ओला हात लागला की झिणझिण्या येतात, असे आमच्या घरातून मला दोन पावसाळे सांगणे झाले होते. मी ते मनावर घेतले नाही. संगणकाची ठिणगी मात्र मनावर घेतली, कारण तिने टीव्ही बिघडविला.

यातील भेद लक्षात घ्यावा. गळतीचा प्रवाह एका-दोन मिलिअँपिअरचा, कपॅसिटरने मोजून दिलेला. पण गिझरच्या आतील कांडी फुटून फेज त्याच्या अंगाला चिकटली, तर मोजून देणारे कोणीच मध्ये नसते. हाताचे स्नायू आखडून पकड सुटेनाशी व्हावयास दहा मिलिअँपिअरच्या आसपासचा प्रवाह पुरतो. त्याच्या काही पट झाला की हृदयावर बेततो. अर्थिंग नसलेल्या घरात संगणकाला ठिणगी पडते आणि गिझर माणूस मारतो. कारण दोन्हींचे एकच.

अर्थिंग नाही असे आढळले की दोन उपाय हमखास सुचविले जातात, आणि दोन्ही घातक आहेत. पहिला, सॉकेटच्या आतच न्यूट्रलचा तुकडा अर्थच्या पिनेला जोडणे. याने मुंग्या थांबतात, टेस्टर विझतो, सर्वजण खूष होतात. पुढे केव्हातरी न्यूट्रलची तार मीटरपाशी किंवा खांबावर सुटली, की घरातील प्रत्येक यंत्राच्या अंगावर पूर्ण २३० व्होल्ट येतात. दुसरा उपाय, अर्थची तार पाण्याच्या नळाला बांधणे. लोखंडी नळ्या जमिनीतून जात होत्या तेव्हा तो काही अंशी चालून गेला. आता मधल्या नळ्या प्लॅस्टिकच्या झाल्याने वीज जमिनीत न जाता वरच्या मजल्यावरील शेजाऱ्याच्या तोटीपर्यंत मात्र जाते.

खरा उपाय जमिनीत आहे. अर्थिंगविषयी आपल्या देशाचे मानक आयएस ३०४३ या क्रमांकाचे. त्याची १९८७ची आवृत्ती पुष्कळ वर्षे चालली, २०१८ मध्ये ते सुधारले गेले. जुन्या पद्धतीत साठ सेंटिमीटर चौरस पत्रा किंवा अडीच मीटर लांबीचा नळ खोल पुरून भोवती कोळसा आणि मीठ भरतात; हेतू एवढाच की भोवतालची माती ओली राहावी. कोल्हापूरची अडचण अशी की थोडे खणले की मुरूम आणि त्याखाली काळा कातळ लागतो. पावसाळ्यात सारे ठीक असते. वैशाखात तोच खड्डा कोरडा ठणठणीत होऊन विजेला अडवू लागतो. पंचगंगेकाठच्या वस्त्यांत काळी माती ओल धरते, पण तेथे दुसरे दुखणे आहे: २०१९ आणि २०२१च्या महापुरांत जी घरे पाण्यात राहिली, त्यांच्या मीटरखालचे जोड गंजले नाहीत ना, हे एकदा उघडून पाहण्यासारखे आहे. नव्या इमारतींत खड्डा मोटारी ठेवण्याच्या जागेत, ठोकळ्यांच्या फरशीखाली गेलेला असतो आणि तो कोठे आहे हे सोसायटीच्या चिटणिसांनाही सांगता येत नाही.

आमच्या लहानपणी व्हॉल्व्हच्या रेडिओच्या पाठीमागे एरिअल आणि अर्थ अशी दोन भोके असत, आणि अर्थची तार अंगणात ओलीच्या जागी पुरून तेथे पाणी घालण्याचे काम मुलांकडे असे. एसी-डीसी दोन्हींवर चालणाऱ्या काही संचांत आतला सांगाडाच विजेच्या एका तारेला जोडलेला असे. बटणाचा स्क्रू उघडा पडला की रेडिओ लावणाऱ्याला शॉक बसे. त्यामुळे वडीलधारी माणसे रेडिओला जपून हात लावीत. आजची यंत्रे पुष्कळ सुरक्षित आहेत, आणि त्यामुळेच आपण अंगणातील ती तार विसरलो, असे मला वाटते.

अर्थिंग घातली आणि ठिणगी थांबली, म्हणजे सारे झाले असेही नाही. समजा खड्ड्याचा रोध १०० ओहम आहे. संगणकाच्या गळतीला तेवढी वाट भरपूर झाली; पेटी व्होल्टच्या तीन शतांशांच्या आसपास येते, ठिणगी नाहीशी होते. पण गिझरमध्ये खरा बिघाड होऊन २३० व्होल्ट त्या खड्ड्याकडे धावले, तर १०० ओहममधून अवघे २.३ अँपिअर जातील. सहा किंवा सोळा अँपिअरच्या फ्यूजला त्याची खबरही लागणार नाही आणि गिझर तसाच जिवंत राहील. म्हणून खड्डा उत्तम हवाच, पण त्याबरोबर मुख्य बोर्डावर आरसीसीबी नावाचे बटण हवे. फेजने गेलेली वीज न्यूट्रलने परत आली की नाही, याचा ते हिशेब ठेवते. ३० मिलिअँपिअरची तूट आली की डोळ्याचे पाते लवण्याच्या सुमारास पुरवठा तोडते. त्यावर चाचणीची एक लहान कळ असते. ती महिन्यातून एकदा दाबून पाहावी. बटण पडले नाही तर ते निकामी समजावे.

संगणकाला काही जोडताना कोणता क्रम पाळावा, हे आता सहज कळेल. शक्यतो सर्व यंत्रे एकाच बोर्डावर, एकाच अर्थवर असावीत. तार जोडण्यापूर्वी दोन्ही यंत्रे बंद करून त्यांचे प्लग काढावेत. नुसते बटण बंद करणे पुरत नाही, कारण वायरिंग उलटे झालेले असेल तर बटण न्यूट्रल तोडते आणि फेज तशीच आत राहते. टीव्हीशी जोडताना केबलची तारही आधी काढून घ्यावी आणि एचडीएमआय बसल्यावर मग लावावी. यूपीएस असणाऱ्यांनी एक विशेष ध्यानात ठेवावे: यूपीएसचा प्लग भिंतीतून काढला तरी बॅटरीवर तो वीज देतच राहतो, आणि प्लगबरोबर अर्थही सुटलेली असल्याने पेटी पुन्हा तरंगू लागते. म्हणून यूपीएसच बंद करावा. लॅपटॉपच्या दोन पिनांच्या अ‍ॅडॅप्टरवर चौकोनात चौकोन अशी खूण असते. त्याला अर्थ लागतच नाही, दुहेरी आवरणावर त्याचे काम चालते. धातूच्या लॅपटॉपवर हात फिरविताना त्यानेही किंचित थरथर जाणवते, पण ती ठरवून दिलेल्या मर्यादेत असते. ती अचानक वाढली, किंवा हातात चटका बसू लागला, तर तो अ‍ॅडॅप्टर त्याच दिवशी टाकावा.

आमच्या अंगणातील दोन फरश्या उचलाव्या लागल्या. जुना खड्डा सापडला, पण त्यातील नळ हाताने मोडला इतका कुजलेला होता. म्हणून शेजारी नवा घेतला, आणि पाणी घालण्यासाठी त्याच्यावर झाकणाचे तोंड ठेवले. मीटरपाशी आरसीसीबी बसविला. वायरमनने पुन्हा दिवा धरला तेव्हा तो पेटला आणि त्याबरोबर नवे बटण खटकन पडून घरभर अंधार झाला. ते पाहून तो समाधानाने म्हणाला, "आता जमलं, सर." चैत्र लागल्यापासून दर आठवड्याला एक घागर पाणी नातू त्या तोंडात ओततो. टीव्हीचे जळालेले तोंड तसेच आहे. शेजारी दुसरे होते, त्यावर काम चालते.